बंदगळा : बेत कोणाचा, अंग कोणाचे?

बारावीच्या निरोप समारंभाची तारीख लागली, की दरवर्षी पालकांचा एक ठरलेला प्रश्न येतो. मुलाला बंदगळा शिवायचा, तयार घ्यायचा, की एका दिवसापुरता भाड्याने आणायचा? मी इतिहास शिकवतो, शिवणकाम नव्हे. तरीही या प्रश्नाचे उत्तर देणे मला आवडते. एक तर माझे घर रायपूरच्या पुरानी बस्तीत आहे, आणि तिथे शिंप्यांच्या मशीनचा आवाज ऐकतच मी मोठा झालो. दुसरे म्हणजे बंदगळा हा विषय खरे तर इतिहासाचाच आहे. एका प्रांताचा पेहराव दुसऱ्या प्रांतात कसा जातो, तिथे कोण तो आपलासा करतो आणि कोणाच्या अंगावर तो उसना दिसतो, हे या एका कोटावरून शिकता येते.

कॅडेट मित्रांनो, आजच्या पाठात आधी थोडा इतिहास पाहू आणि मग शिंप्याकडे जाऊ. शेवटी स्वाध्याय आहे.

१. कोट उलटा करून पाहा

घरात बंदगळा असेल तर तो उलटा करून टेबलावर पसरा. बाहेरून तो एकसंध दिसतो, पण आतून पाहिले की वेगवेगळे भाग ओळखू येतात.

उभी, बंद कॉलर ही अचकन आणि शेरवानीच्या घराण्यातली. खांद्याची घडण, गोल कापलेला मुंढा, छातीत घातलेला कॅनव्हास आणि कमरेच्या खाली थोडक्यात संपणारी लांबी ही इंग्रजी कोटाची. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय लष्करी कोटांनाही उभी कॉलर असे, त्यामुळे ही दोन घराणी एकमेकांना फारशी परकी वाटली नाहीत. राजस्थानात, विशेषतः जोधपूरच्या दरबारी वर्तुळात, हा मेळ रुजला. म्हणून आजही आपण बंदगळ्याला सरसकट ‘जोधपुरी’ म्हणतो.

आता शिंप्याच्या दुकानातले शब्द ऐका. अस्तर, खिसा, बगल, पायजमा, दर्जी हे शब्द फारसीतून आले. काज आणि इस्त्री हे पोर्तुगीजांकडून आले. कोट, कॉलर, कॅनव्हास इंग्रजांचे. बाही, अंगरखा, शिवण हे आपले. शब्द बहुधा वस्तूबरोबर येतात. म्हणजे एका कोटाची शिलाई सांगताना आपण चार भाषांच्या प्रवाशांची नावे घेत असतो.

युरोपातही असेच घडले आहे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने १६६६ साली दरबारात एक लांब जाकीट वापरायला सुरुवात केली. ते इराणी धर्तीचे आहे, असे त्या काळच्या दरबारी लोकांनी नोंदवून ठेवले. त्याच जाकिटाची लांबी पुढे कमी कमी होत गेली आणि त्याचे वेस्टकोट झाले. आज ज्याला आपण अस्सल विलायती ‘थ्री पीस’ म्हणतो, त्यातला मधला कपडा अशा रीतीने पूर्वेकडे पाहून शिवलेला आहे.

२. काम उचलले, म्हणून टिकले

लष्करी पोशाखात याची दोन उत्तम उदाहरणे आहेत. दोन्ही तुम्हाला माहीत असली पाहिजेत.

पहिले उदाहरण खाकीचे. १८४६ साली हॅरी लम्सडेन या अधिकाऱ्याने पेशावरला ‘कोअर ऑफ गाइड्स’ ही तुकडी उभी केली. इंग्रज शिपाई तेव्हा लाल लोकरी कोट घालत, आणि त्यांच्या गळ्याभोवती चामड्याचा ताठ पट्टा असे. सरहद्दीवरच्या उन्हात आणि धुळीत हा पोशाख म्हणजे शिक्षाच होती. लम्सडेनने आपल्या जवानांना सैलसर, मातीच्या रंगाचे कपडे दिले. ‘खाक’ म्हणजे धूळ, त्यावरून खाकी. धूळ बसली तरी दिसत नाही आणि माणूस डोंगरात उठून दिसत नाही, ही दोन्ही कामे त्या रंगाने केली. १८५७ च्या लढायांत अनेक गोऱ्या पलटणींनी आपले पांढरे कपडे मातकट रंगवून घेतले. १९०२ साली ब्रिटिश लष्कराने मायदेशातही खाकी रंगाचा सेवा-गणवेश स्वीकारला. पेशावरची धूळ अशी लंडनपर्यंत पोहोचली.

दुसरे उदाहरण जोधपुरी ब्रीचेसचे. जोधपूरचे सर प्रतापसिंह (१८४५-१९२२) हे घोडेस्वार आणि पोलो खेळाडू म्हणून प्रसिद्ध होते. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा सत्तरीला टेकलेले असूनही ते जोधपूर लान्सर्सबरोबर फ्रान्सच्या आघाडीवर गेले. याच जोधपूर लान्सर्सनी २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा जिंकण्याच्या लढाईत घोडदौड केली, हे तुम्ही वाचलेच असेल. तर हे प्रतापसिंह १८८७ साली राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवासाठी लंडनला गेले होते. मांडीशी फुगीर आणि गुडघ्याखाली पायाला चिकटून बसणारी त्यांची ब्रीचेस तिथल्या स्वारांच्या डोळ्यांत भरली. पुढे विलायती शिंप्यांनी तो बेत उचलला आणि जगभर त्याला ‘जोधपूर’ हेच नाव पडले.

हा बेत का टिकला, ते समजून घ्या. तेव्हा ताणणारे कापड नव्हते. घोड्यावर बसताना मांडी आणि गुडघा वाकतात, तिथे कापड जास्त हवे. पोटरीवर मात्र कापड सैल असेल तर रिकिबीशी घासते आणि त्याच्या चुण्या टोचतात, म्हणून तिथे ते घट्ट हवे. आपल्या चुडीदारात ही घट्ट पोटरी आधीपासून होतीच. जोधपूरने वरचा भाग स्वाराच्या गरजेप्रमाणे बेतला. लंडनच्या शिंप्याने केवळ ‘हिंदी फॅशन’ म्हणून तो घेतला असता, तर दोन हंगामांत लोक विसरले असते. स्वाराला त्यात नीट बसता आले, म्हणून तो राहिला.

३. वेल्लोरचा धडा

आता याच्या उलट उदाहरण पाहू. यात पोशाखापायी रक्त सांडले.

नोव्हेंबर १८०५ मध्ये कंपनीच्या मद्रास फौजेचा सरसेनापती सर जॉन क्रॅडॉक याच्या अमदानीत नवे नियम निघाले. हिंदी शिपायांनी कपाळावर गंध किंवा भस्म लावू नये, दाढी काढावी, आणि पागोट्याऐवजी नवे शिरस्त्राण घालावे. या शिरस्त्राणाचा घाट हॅटसारखा होता आणि त्यावर चामड्याचा तुरा होता. शिपायांना वाटले की हे धर्म बुडवण्याचे पहिले पाऊल आहे. ज्यांनी ते घालायला नकार दिला, त्यांना फटके मारले गेले. १० जुलै १८०६ च्या पहाटे वेल्लोरच्या किल्ल्यात बंड झाले. त्याच दिवशी ते चिरडले गेले आणि दोन्ही बाजूंची शेकडो माणसे मेली. टिपू सुलतानाचे कुटुंब त्याच किल्ल्यात नजरकैदेत होते, त्यामुळे पोशाख हे एकमेव कारण नव्हते. पण ठिणगी त्यानेच टाकली. पुढे ते नियम मागे घेतले गेले, आणि क्रॅडॉक व मद्रासचा गव्हर्नर विल्यम बेंटिंक या दोघांनाही १८०७ साली परत बोलावण्यात आले.

क्रॅडॉकला फौज एकसारखी दिसायला हवी होती. डोक्यावरच्या पागोट्याचे त्या माणसाच्या घरात, जातीत, देवळात काय मोल आहे, हे त्याने विचारलेच नाही. लम्सडेनने जवानाला काय सोसते ते पाहून कपडा निवडला. क्रॅडॉकने फक्त तो कसा दिसेल ते पाहिले. उद्या तुमच्या हाताखाली वेगवेगळ्या प्रांतांचे जवान असतील, तेव्हा या दोघांतला फरक तुम्हाला रोज उपयोगी पडेल.

४. नागपूरहून रायपूरला

पुरानी बस्ती ही नावाप्रमाणे रायपूरची जुनी वस्ती. महामाया मंदिर, जैतूसाव मठ, अरुंद गल्ल्या आणि त्यांत दाटीने बसलेली लहान दुकाने. नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली १७४१ साली छत्तीसगडात आली. पुढे बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरात राहून इथला कारभार पाहत होते. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि छत्तीसगडही इंग्रजांच्या ताब्यात गेले. भोसल्यांच्या काळात आणि नंतर कचेरी, शाळा, रेल्वे यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे इथे येत राहिली आणि इथलीच झाली.

या कुटुंबांच्या जुन्या छायाचित्रांत एक पोशाख हटकून दिसतो : खाली धोतर, वर बंद गळ्याचा लांब डगला, डोक्याला पगडी किंवा टोपी. पुण्या-नागपूरचे शिक्षक आणि कारकूनही असेच दिसत. आजच्या मुलांना हे मिश्रण गमतीदार वाटते. पण विचार करून पाहा. धोतराला खिसा नसतो. कचेरीत जाणाऱ्या माणसाला घड्याळ, चष्मा, कागद ठेवायला जागा हवी होती, ती डगल्याने दिली. घरी पाटावर आणि देवळात मांडी घालून बसायचे होते, त्यासाठी धोतरासारखे दुसरे सोयीचे वस्त्र नव्हते. म्हणून त्यांनी कोट घेतला आणि पँट नाकारली. त्यांनी साहेबाची नक्कल केली असे म्हणता येणार नाही. जे कामाचे होते तेवढेच त्यांनी घेतले.

त्याआधीचा आपला अंगरखा आणि बाराबंदीही अशीच हुशारीने बेतलेली असत. त्यांत गोल मुंढा नसे. बाही सरळ कापलेली असे आणि बगलेत एक चौकोनी तुकडा जोडत. त्याला चौबगळा म्हणतात. हात वर केला की तो तुकडा उघडतो आणि कपडा फाटत नाही. शिवाय सगळे तुकडे सरळ रेषेत कापल्यामुळे हातमागाचे कापड वाया जात नसे. हात मोकळा फिरावा या एकाच प्रश्नाला इंग्रजी कोटाने गोल मुंढ्याने उत्तर दिले आणि आपल्या अंगरख्याने चौबगळ्याने.

छत्तीसगडने या बंदगळ्याला आपले कापडही दिले आहे. ते म्हणजे कोसा. ऐन आणि अर्जुन या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांच्या कोशांतून हे रेशीम निघते. त्याचा मूळ रंगच मध किंवा पिकल्या गव्हासारखा असतो. चांपा आणि कोरबा भागातला कोसा प्रसिद्ध आहे. आपल्या विदर्भातही भंडारा आणि गडचिरोली जिल्ह्यांत त्याचे काम चालते, म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना हे कापड आपलेच आहे. जोधपूरचा बेत, इंग्रजी खांदा आणि चांपाचा कोसा असा कोट पुरानी बस्तीतल्या दहा फुटांच्या दुकानात शिवून मिळतो.

५. शिंप्याकडे जाताना

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतले एक गृहस्थ अकरावीतल्या मुलाला घेऊन शिंप्याकडे निघाले आणि मलाही सोबत बोलावले. मुलाने मोबाइलवर एका नवरदेवाच्या कोटाचे चित्र दाखवले. छातीवर भरतकाम, रुंद भरलेले खांदे, कंबर आवळलेली. मास्टरजींनी चित्र नीट पाहिले, चांगले आहे म्हणाले, आणि मग मुलाला तीन गोष्टी विचारल्या. हा कोट कोणत्या महिन्यात घालणार? घालून बसणार की उभाच राहणार? आणि यानंतर पुन्हा कधी घालणार?

मुलगा वडिलांकडे पाहू लागला. वडील म्हणाले, “मास्टरजी, दोन वर्षे तरी चालला पाहिजे. दर कार्यक्रमाला नवा शिवणे आम्हाला जमणार नाही.”

मुलाने अंगात एक तयार कोट घालून आणला होता, मावसभावाचा. मास्टरजींनी त्याला सलामीला जातो तसा हात वर करायला सांगितले. (डोक्यावर टोपी नसताना सलामी देत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. इथे फक्त हाताची हालचाल पाहायची होती.) हात वर गेला आणि त्याच्याबरोबर अख्खा कोट चार बोटे वर चढला. कॉलर कानाला लागली. “पाहा बाबा,” मुलगा स्वतःच म्हणाला, “हा तर खालून ओढतोय.”

कारण असे, की तयार कोट अनेकांच्या अंगात जावा म्हणून त्याचा मुंढा खोल कापतात. खोल मुंढा सैल वाटतो, पण हात उचलला की तो कोटाला वर खेचतो. मुंढा बगलेच्या जवळ असेल तर बाही हाताबरोबर फिरते आणि कोट जागेवर राहतो. कच्च्या शिलाईच्या ट्रायलला तीच चाचणी पुन्हा झाली, तेव्हा कोट जेमतेम एक बोट हलला. भरतकाम रद्द झाले होते. त्या पैशांत सुती अस्तर आणि चांगला कॅनव्हास बसला. चित्रातल्या कोटापैकी फक्त पाच बटणांची पट्टी आणि कॉलरचा गोल कोपरा तेवढा राहिला. त्या मुलाला तो कोट मनापासून आवडला, कारण तो त्याचा होता.

पालकांच्या सोयीसाठी त्या दिवशी टिपून घेतलेले मुद्दे देतो.

कापड : आधी हवामान पाहा. रायपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, विदर्भातही तेच. अशा ठिकाणी जाड लोकरी मिश्रण नको. ५८ इंच पन्ह्याच्या कापडात कोट साधारण दोन मीटरमध्ये होतो. हातमागाच्या ४४ इंच पन्ह्याला पाऊण ते एक मीटर जास्त धरावे. कोशाचे धागे कडेला सुटतात, म्हणून आतल्या कडा बंद करून घ्याव्यात.

अस्तर : पूर्ण चकचकीत अस्तर उकडते. पाठीत अर्धे अस्तर आणि शक्य तिथे सुती कापड मागावे.

कॉलर : साधारण दीड इंच उंच. मान आखूड असेल तर त्याहून कमी. हूक लावल्यावर कॉलर आणि मान यांत एक बोट सहज जावे. खाली ताटाकडे पाहून बघा. गळा आवळला तर जेवणाच्या टेबलावर दोन तास काढता येणार नाहीत.

खांदा : शिवण तुमच्या खांद्याच्या हाडावर संपावी. भरणा जास्त घातला तर कोट अंगाआधी दारातून आत येतो.

कट : मागे किंवा बाजूला कट ठेवावेत. ही सोय घोडेस्वारांची. खोगिरावर बसल्यावर कोटाचे पदर दोन बाजूंना पडावेत म्हणून ती आली. आज खुर्चीवर बसतानाही ती तितकीच उपयोगी पडते.

माया : शिवणीत आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला आपल्याकडे किती गोड शब्द आहे! वाढत्या वयाच्या मुलाच्या कोटात पाठीच्या मधल्या शिवणीत, बाजूंना आणि बाहीच्या टोकाला प्रत्येकी इंचभर माया सांगून ठेवावी. पुढच्या वर्षी थोड्या खर्चात तोच कोट मोठा करता येतो. भाड्याच्या किंवा स्वस्त तयार कोटात ती सहसा नसते.

ट्रायल : कच्च्या शिलाईची एक ट्रायल सोडू नका. ट्रायलला जाताना समारंभात घालायचा शर्ट आणि बूट घालून जा. उभे राहा, बसा, हात वर करा, वाकून बुटाची नाडी बांधा. चारही वेळा कोटाने त्रास दिला नाही, तर तो पास.

भाड्याच्या कोटाला माझा विरोध नाही. घरची परिस्थिती तशी असेल तर तो घ्यावा आणि त्यात संकोच मानू नये. फक्त निवडताना वरच्याच चाचण्या लावाव्यात. दोन भावांत किंवा मावसभावांत एक चांगला कोट माया ठेवून शिवणे, हा आणखी एक मार्ग आहे.

६. पुढे काय?

पोशाखाची ही देवाणघेवाण थांबलेली नाही. २०२४ साली भारतीय नौदलाने अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये कुर्ता-पायजमा घालायला परवानगी दिली. मात्र त्यावर बिनबाह्यांचे जाकीट आणि पायांत औपचारिक बूट किंवा सँडल हवेत. कुर्त्याची लांबी, कफाची बटणे, रंगाचा साधेपणा यांचेही नियम आहेत. कपडा आपला, शिस्त सेवेची. तुमच्यापैकी कित्येक जण उद्या अशा मेसमध्ये बसतील. शेजारी नागालँडचा अधिकारी असेल, समोर पंजाबचा. एखाद्याची शाल किंवा जाकीट तुम्हाला आवडेल. ते जरूर शिवून घ्या. पण आधी त्याला विचारा, की हे तुमच्याकडे कधी घालतात, कोण घालते, ही नक्षी कशाची. काही वस्त्रे मान म्हणून दिली जातात आणि ती बाजारात विकत घेऊन घालणे त्या लोकांना रुचत नाही. विचारले की कळते, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा मैत्रीही मिळते.

स्वाध्याय

१. आपल्या गणवेशातील कोणतेही तीन भाग निवडा (उदा. पट्टा, टोपी, खांद्याची पट्टी). प्रत्येक भाग पूर्वी कोणते काम करत होता आणि आज कोणते करतो, ते शिक्षकांशी चर्चा करून लिहा.

२. लम्सडेन आणि क्रॅडॉक यांच्या निर्णयांची तुलना दहा ओळींत करा. तुम्ही तुकडीचे अधिकारी असता तर पोशाख बदलण्याआधी कोणाकोणाला विचारले असते?

३. घरातील किंवा शेजारातील एखाद्या ज्येष्ठाकडून बाराबंदी, अंगरखा किंवा जुनी बंडी मिळाली तर तिचा चौबगळा शोधा. कागदाचे तुकडे कापून तसाच नमुना तयार करा आणि हात वर केल्यावर तो कसा उघडतो ते वर्गात दाखवा.

४. गावातल्या शिंप्याकडे अर्धा तास बसा. तो वापरत असलेले निदान पंधरा शब्द उतरवून घ्या आणि कोणता शब्द कोणत्या भाषेतून आला असेल ते शब्दकोशात पाहा. जाताना त्याच्या कामाची वेळ विचारून जा. लग्नसराईत जाऊ नका.